कायद्याचा कैवारी ह्यूगो ग्रोशिअस

दोन शेतकऱ्यांमध्ये बांधावरून तंटा निर्माण झाला, तर ते गावच्या पंचांकडे जातात. पंचांच्या निवाड्याने समाधान झाले नाही, तर न्यायालयाची पायरी चढतात. बांध कोणाचा, हे कोणाची काठी अधिक जाड आहे यावरून ठरत नाही. ते कायद्याने ठरते. पण दोन राष्ट्रांमध्ये तंटा निर्माण झाला तर त्यांनी कोणाकडे जावे? राजाच्या वर राजा नाही, मग त्यांचा निवाडा करणारा पंच कोण? शतकानुशतके या प्रश्नाचे उत्तर तलवारीनेच दिले जात असे. आणि एकदा तलवार म्यानाबाहेर पडली, की तिला कसलेही बंधन उरत नाही, अशी पुष्कळांची समजूत होती. सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपातील एका पंडिताने या समजुतीविरुद्ध लेखणी उचलली. राष्ट्रांनाही कायदा आहे आणि तो युद्धाच्या धुमाळीतसुद्धा जिवंत असतो, असे त्याने साऱ्या जगाला बजावून सांगितले. त्या पंडिताचे नाव ह्यूगो ग्रोशिअस.

ग्रोशिअसचा जन्म १० एप्रिल १५८३ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या नगरात झाला. त्याचे डच नाव हुइग द ग्रोट असे होते. ग्रोशिअस हे त्या नावाचे लॅटिन रूप होय. त्याच्या जन्माच्या वेळी त्याचा देश स्पेनच्या बलाढ्य साम्राज्याशी स्वातंत्र्यासाठी झुंजत होता. तो जेमतेम सव्वा वर्षाचा असताना, १५८४ साली, या लढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा डेल्फ्टमध्येच एका मारेकऱ्याने वध केला. हॉलंडचा हा लढा १६४८ साली संपला. तो संपलेला पाहण्याचे भाग्य ग्रोशिअसला लाभले नाही. रणधुमाळीत जन्मलेल्या या माणसाचे सारे आयुष्य युद्धाच्या छायेतच गेले.

ह्यूगोचे वडील विद्वान आणि नगरात प्रतिष्ठित होते. त्यांनी मुलाला लहानपणापासून लॅटिन आणि ग्रीक शिकवले. आठव्या वर्षीच तो लॅटिन भाषेत पद्ये रचू लागला. अकराव्या वर्षी तो लायडनच्या विद्यापीठात दाखल झाला. त्याच्या वयाची इतर मुले भोवरे फिरवण्यात दंग असताना हा मुलगा प्राचीन ग्रंथांची पाने चाळत बसे. १५९८ साली हॉलंडचा ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट शिष्टमंडळ घेऊन फ्रान्सला निघाला, तेव्हा त्याने पंधरा वर्षांच्या ह्यूगोलाही सोबत घेतले. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री या मुलाचे ज्ञान पाहून चकित झाला. त्याच प्रवासात ह्यूगोने ऑर्लेआँ विद्यापीठाची कायद्यातील डॉक्टर ही पदवी मिळवली आणि पुढच्या वर्षी, सोळाव्या वर्षी, हेग येथे वकिली सुरू केली.

या तरुण वकिलाकडे लवकरच एक असा प्रश्न आला, की ज्याने त्याच्या विचारांना कायमची दिशा दिली. तो प्रश्न हॉलंडपासून हजारो कोस दूर, पूर्वेच्या समुद्रात उद्भवला होता. फेब्रुवारी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ याकोब व्हान हेमस्केर्क या डच दर्यावर्द्याने पोर्तुगिजांचे सांता कातारिना नावाचे प्रचंड जहाज पकडले. जहाजावरील लोकांना जीवदान देऊन त्याने माल मात्र ताब्यात घेतला. चिनी रेशीम आणि चिनी मातीची नाजूक भांडी यांनी ते जहाज खच्चून भरले होते. ॲम्स्टरडॅम येथे त्या मालाचा लिलाव झाला, तेव्हा तीस लक्षांहून अधिक गिल्डर एवढी अफाट रक्कम हाती आली.

रक्कम मिळाली खरी. पण ती न्यायाने मिळाली काय? नुकत्याच स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काही भागधारकांनाच हा प्रश्न पडला. धर्माने आपल्याला शांती शिकवली असताना लुटीच्या नफ्यातला वाटा कसा घ्यावा, अशी टोचणी त्यांच्या मनाला लागली. शिवाय हेमस्केर्क हा काही आरमाराचा अधिकारी नव्हता. तो व्यापाऱ्यांचा चाकर होता. त्याने केले ते युद्ध की चाचेगिरी? कंपनीने आपली बाजू मांडण्याचे काम ग्रोशिअसकडे सोपवले. एकवीस-बावीस वर्षांच्या ग्रोशिअसने त्यावर एक मोठा प्रबंध लिहिला. त्यातील एक प्रकरण १६०९ साली स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने बाहेर पडले. त्या पुस्तकाचे नाव ‘मुक्त सागर’ अशा अर्थाचे होते.

या पुस्तकाचा भारताच्या किनाऱ्याशीही निकटचा संबंध आहे. १५१० साली गोवा जिंकल्यापासून पोर्तुगीज लोक या समुद्रावर आपली मालकी सांगत. गुजरात, कोकण आणि मलबार येथील व्यापाऱ्यांना आपली जहाजे समुद्रात लोटण्यापूर्वी पोर्तुगिजांकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकत घ्यावा लागे. परवाना नसलेले जहाज सापडले, तर ते खुशाल लुटले जाई. आपण हा मार्ग शोधला, पोपने तो आपल्याला बहाल केला, म्हणून समुद्र आपला, असा पोर्तुगिजांचा दावा होता.

ग्रोशिअसने हा दावा खोडून काढला. ज्या वस्तूला कुंपण घालता येत नाही, जी एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, तिच्यावर कोणाची मालकी असू शकत नाही. हवा जशी सर्वांची, तसा अथांग सागरही सर्वांचा. पूर्वेकडील देश पोर्तुगिजांनी शोधले, हे म्हणणेही पोकळ आहे. कारण त्या देशांत आधीपासून माणसे नांदत होती, त्यांचे राजे होते, त्यांचे कायदे होते. ते ख्रिस्ती नाहीत, एवढ्यामुळे त्यांचे राज्य किंवा त्यांची मालमत्ता हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. पोपला या भूमीवर मुळातच सत्ता नव्हती. मग जे आपले नाही, ते त्याने दान तरी कसे करावे? अशा युक्तिवादाने ग्रोशिअसने समुद्राचे स्वातंत्र्य सिद्ध केले.

विचार थोर होते. पण ते कंपनीच्या फायद्यासाठी मांडले गेले होते, हेही खरे. याचे फळ ग्रोशिअसला लवकरच चाखावे लागले. पोर्तुगिजांना मागे सारल्यावर डच कंपनी मसाल्यांच्या बेटांवरचा व्यापार स्वतःच्या मुठीत ठेवू लागली आणि इंग्रजांना तेथे येण्यास मज्जाव करू लागली. १६१३ साली या वादाच्या वाटाघाटींसाठी ग्रोशिअस लंडनला गेला, तेव्हा इंग्रजांनी त्याच्याच पुस्तकातील मुद्दे त्याच्यापुढे ठेवले. सागर सर्वांना मुक्त असेल, तर तो इंग्रजांनाही मुक्त असला पाहिजे! कंपनीची बाजू सांभाळताना ग्रोशिअसला मोठी कसरत करावी लागली. कायद्याचे एक लक्षण या प्रसंगातून स्पष्ट दिसते. जो नियम आपण दुसऱ्याला लावतो, तो उद्या आपल्यालाही लागू होतो. तो लागू करून घेण्याची तयारी नसेल, तर तो नियम नव्हे, नुसती सबब होय.

या सुमारास ग्रोशिअसचा भाग्यरवी चढत होता. १६०७ साली तो हॉलंड प्रांताचा सरकारी वकील झाला. पुढच्या वर्षी त्याचा मारिया व्हान रायगर्सबर्ख या धीट आणि चतुर युवतीशी विवाह झाला. १६१३ साली रॉटरडॅम शहराने त्याला आपला कायदेसल्लागार नेमले. परंतु देशात मात्र वादळ घोंगावू लागले होते. स्पेनशी १६०९ साली बारा वर्षांचा तह झाला होता. बाहेरचा शत्रू काही काळ दूर होताच घरातले भांडण पेटले. धर्मतत्त्वांच्या एका वादावरून लोकांत दोन तट पडले. धर्माच्या बाबतीत प्रत्येक प्रांताने आपापला निर्णय घ्यावा आणि दोन्ही मतांच्या लोकांना सामावून घ्यावे, असे ओल्डेनबार्नेव्हेल्ट आणि ग्रोशिअस यांचे मत होते. नगरांत दंगे होऊ नयेत म्हणून त्यांच्या पक्षाने नगरांना स्वतःचे शिपाई ठेवण्याची मुभा दिली. देशाचा सेनापती प्रिन्स मॉरिस याला हे मुळीच रुचले नाही. प्रांतोप्रांती अशा फौजा उभ्या राहिल्या तर राष्ट्राची एकजूट मोडेल, असे त्याचे म्हणणे होते.

ऑगस्ट १६१८ मध्ये हेग येथे ओल्डेनबार्नेव्हेल्ट आणि ग्रोशिअस यांना अचानक अटक झाली. त्यांचा न्याय करण्यासाठी २४ जणांचे खास न्यायमंडळ नेमण्यात आले. त्यांत आरोपींचे कित्येक राजकीय विरोधकच होते. हॉलंड प्रांताच्या नोकरांचा न्याय हॉलंडच्या न्यायालयात व्हावा, ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. निकालावर अपील करण्याची सोयही नव्हती. राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात आहे, हे एकच कारण साऱ्या आक्षेपांना पुरेसे ठरले. १३ मे १६१९ रोजी ७१ वर्षांच्या ओल्डेनबार्नेव्हेल्टचा शिरच्छेद झाला. ज्या वृद्धाने आयुष्यभर राष्ट्राची सेवा केली, त्याचा असा शेवट झाला. ग्रोशिअसला जन्मठेपेची शिक्षा झाली आणि त्याची मालमत्ता जप्त करण्यात आली. राजसत्तेचा प्रक्षोभ झाला आणि तिला आवरणारा कायदा दुबळा ठरला, म्हणजे काय घडते, हे ग्रोशिअसने आता स्वतःच अनुभवले.

दोन नद्यांच्या संगमावर लोव्हेस्टाइन नावाचा एक मजबूत किल्ला आहे. त्याच्या भोवती पाण्याचे खंदक आणि उंच तट आहेत. त्या किल्ल्यात ग्रोशिअसला कोंडण्यात आले. मारियाने पतीबरोबर तुरुंगात राहण्याची परवानगी मिळवली आणि ती मुलांसह तेथे येऊन राहिली. ग्रोशिअसने तेथेही वेळ वाया घालवला नाही. हॉलंडच्या कायद्यावर त्याने डच भाषेत एक सुबोध ग्रंथ रचला. सामान्य माणसाला आपला कायदा आपल्या भाषेत कळावा, हा त्याचा हेतू होता. वाचनासाठी जवळच्या गोरिंखेम गावातील स्नेह्यांकडून त्याला एका मोठ्या लाकडी पेटीतून ग्रंथ येत आणि वाचून झालेले ग्रंथ त्याच पेटीतून परत जात.

आरंभी पहारेकरी ही पेटी प्रत्येक वेळी उघडून कसून तपासत. पण महिन्यामागून महिने गेले. पेटीत पुस्तकांखेरीज काही नसते, हे पाहून त्यांना कंटाळा आला. हळूहळू तपासणी थांबली. ही गोष्ट मारियाच्या चाणाक्ष नजरेतून सुटली नाही. पुस्तके आत-बाहेर जाऊ शकतात, तर पुस्तकांचा वाचक का जाऊ शकणार नाही? तिने आपला बेत पतीला सांगितला. पेटी इतकी आखूड होती, की उंच माणसाला तीत अंग चोरून, पाय मुडपूनच पडावे लागे. कुलपाच्या भोकातून येईल तेवढीच हवा. ग्रोशिअस रोज त्या पेटीत निजून, न हलता न बोलता राहण्याचा सराव करू लागला.

अखेर २२ मार्च १६२१ चा दिवस उजाडला. किल्ल्याचा अधिकारी परगावी गेला होता. पती आजारी असून पुस्तकांच्या वाचनाने अधिकच थकत आहे, म्हणून ती पुस्तके परत पाठवायची आहेत, असे मारियाने अधिकाऱ्याच्या पत्नीला सांगितले आणि परवानगी मिळवली. तिने ग्रोशिअसला पेटीत बंद केले, कुलूप लावले आणि त्याचे कपडे अंथरुणाजवळ अशा रीतीने ठेवले, की तो निजलेला आहे असेच कोणालाही वाटावे. शिपाई आले. पेटी उचलताना ती नेहमीपेक्षा जड लागल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि आत एखादा माणूस तर नाही ना, अशी थट्टाही त्यांनी केली, असे सांगतात. मारियाच्या काळजाचा ठोका चुकला असेल. पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

पेटीबरोबर नदीपार जाण्याची कामगिरी एल्शे व्हान हौवेनिंग या तरुण मोलकरणीने स्वीकारली होती. बेत फसला असता, तर तिची गय झाली नसती. नाव हेलकावे खाऊ लागली, तेव्हा पेटी घसरून पाण्यात पडू नये म्हणून तिने ती दोरांनी घट्ट बांधून घ्यायला लावली. पैलतीरी गोरिंखेम येथे एका स्नेह्याच्या घरी पेटी पोचली. झाकण उघडताच आतून घामाने डबडबलेला, फिकट चेहऱ्याचा ग्रोशिअस बाहेर आला. लगेच त्याने गवंड्याचा वेश चढवला, हातात गवंड्याची मोजपट्टी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडून तो अँटवर्पला आणि तेथून पॅरिसला गेला. इकडे मारियाने पती निसटल्याचे स्वतःच कबूल केले. तिला काही दिवस अटकेत ठेवण्यात आले; पण तिची पतिनिष्ठा आणि धाडस पाहून अधिकाऱ्यांनाही कौतुक वाटले आणि तिची सुटका झाली. आज हॉलंडमधील एकाहून अधिक संग्रहालये ती पेटी आपल्याजवळ असल्याचे सांगतात. डच मुलांना ही गोष्ट आजही तोंडपाठ असते.

फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने ग्रोशिअसला वर्षासन ठरवून दिले. पण ते वेळेवर मिळत नसे, आणि परक्या देशात संसार चालवताना कुटुंबाची ओढाताण होई. अशा स्थितीत त्याने आपल्या आयुष्यातील सर्वश्रेष्ठ ग्रंथ लिहिला. १६२५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या या लॅटिन ग्रंथाचा विषय होता युद्ध आणि शांती यांचा कायदा.

त्या वेळी मध्य युरोपात पुढे तीस वर्षे चाललेले एक भयंकर युद्ध भडकले होते. धर्माच्या आणि सत्तेच्या नावाखाली फौजा एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जात. गावे जाळत, धान्य लुटत आणि गोरगरिबांना देशोधडीला लावत. क्षुल्लक कारणांवरून, कधी कारण नसतानाही, राजे शस्त्रे उचलतात आणि एकदा शस्त्रे उचलली की ईश्वराच्या किंवा माणसाच्या कोणत्याच कायद्याची बूज राखत नाहीत, हे ग्रोशिअस पाहत होता. याचीच लाज वाटून आपण हा ग्रंथ लिहिण्यास प्रवृत्त झालो, असे त्याने ग्रंथाच्या प्रारंभी नमूद केले आहे.

मनुष्य हा समाजाने राहणारा आणि विचार करणारा प्राणी आहे, येथून ग्रोशिअसने आरंभ केला. दुसऱ्याचे घेऊ नये, घेतले तर परत करावे, दिलेले वचन पाळावे, हानी केली तर भरून द्यावी, या नियमांवाचून समाज टिकत नाही. हे नियम कोणा एका राजाने केलेले नाहीत किंवा एका धर्माच्या लोकांपुरते नाहीत. ते माणसाच्या बुद्धीतून आणि स्वभावातून उगवलेले आहेत. म्हणून ते सर्व माणसांना, आणि माणसांच्या राष्ट्रांनाही, बांधून ठेवतात.

मग युद्ध केव्हा न्याय्य ठरते? आपल्यावर झालेला हल्ला परतवण्यासाठी, आपले हिरावलेले परत मिळवण्यासाठी किंवा घोर अपराधाला शासन करण्यासाठी, असे ग्रोशिअसचे उत्तर होते. राज्याच्या लोभाने किंवा दुसऱ्यांच्या भल्याचे सोंग आणून त्यांच्यावर सत्ता गाजवण्यासाठी केलेले युद्ध अन्यायाचेच होय. शेजारचे राष्ट्र बलवान होत आहे, त्याने आपल्या हद्दीत नवा किल्ला बांधला आहे, तेव्हा पुढे कधी तरी ते आपल्यावर चालून येईल, या नुसत्या भीतीपोटी त्याच्यावर आधीच हल्ला करावा काय? नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. धोका खरा आणि अगदी समोर येऊन ठेपलेला असेल, तर गोष्ट निराळी. पण जीवनात पूर्ण निर्भयता कोणालाच नसते. केवळ संशयावरून दुसऱ्याचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. आपणही किल्ला बांधावा, तट मजबूत करावेत. पण तलवार उपसू नये. शक्य असेल तर तंट्याशी संबंध नसलेल्या राष्ट्रांनी एकत्र बसून त्याचा निवाडा करावा, असेही त्याने सुचवले. बांधाच्या तंट्यात पंच असतात, तसेच राष्ट्रांच्या तंट्यातही असावेत, हाच त्याचा आशय होता.

युद्ध सुरू झाल्यावरचे नियम सांगताना ग्रोशिअसने प्रथम त्या काळच्या रूढी प्रामाणिकपणे नोंदवल्या. त्या फार क्रूर होत्या. जिंकणाऱ्याने कैद्यांना ठार मारावे किंवा गुलाम करावे, शहर लुटावे, यात अनेकांना वावगे वाटत नसे. परंतु रूढीने शिक्षा होत नाही, एवढ्यावरून एखादी गोष्ट न्याय्य ठरत नाही, असे सांगून त्याने संयमाचा मार्ग दाखवला. बालके, स्त्रिया, वृद्ध, शेतकरी, व्यापारी, विद्याभ्यासात मग्न असलेले लोक यांना हात लावू नये. जो शरण आला, त्याला मारू नये. जेथे शत्रूला त्याचा काही उपयोग नाही, तेथे फळझाडे तोडू नयेत आणि उभी पिके जाळू नयेत. शत्रूला दिलेला शब्दही पाळावा. कारण शब्दावरचा विश्वास उडाला, तर युद्ध थांबवण्यासाठी तह तरी कशाच्या बळावर करणार? आपला राजा करीत असलेले युद्ध अन्यायाचे आहे, अशी ज्याची खात्री झाली आहे, त्या प्रजाजनाने त्यात भाग घेऊ नये, असेही त्याने लिहिले. राजांच्या आश्रयाला राहणाऱ्या निर्वासिताने हे लिहावे, याला मोठे धैर्य लागते.

आजच्या दृष्टीने या ग्रंथात उणिवाही आहेत. गुलामगिरीचा त्याने पुरता धिक्कार केला नाही. अपराध्याला शासन करण्यासाठी युद्ध न्याय्य ठरते, या त्याच्या मताचा आधार पुढे काही बलाढ्य राष्ट्रांनी दुबळ्यांवर चालून जाण्यासाठी घेतला. थोर पुरुष हेसुद्धा आपल्या काळाची लेकरे असतात. त्यांनी पेटवलेला दिवा पुढच्यांनी हाती घेऊन आणखी पुढे न्यायचा असतो.

या ग्रंथाने युद्ध थांबले का? थांबले नाही. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह ॲडॉल्फस हा मोहिमेवर असताना हा ग्रंथ जवळ बाळगी, असे सांगतात. पण त्याच युद्धात, १६३१ साली, सम्राटाच्या फौजांनी माग्डेबुर्ग हे जर्मन शहर लुटून जाळले आणि सुमारे वीस हजार माणसे प्राणास मुकली, असा अंदाज आहे. मग असे ग्रंथ लिहून उपयोग काय, असे कोणाच्याही मनात येईल. पण चोरीविरुद्ध कायदा असूनही चोऱ्या होतात, म्हणून तो कायदा कोणी निरुपयोगी मानत नाही. कायदा आहे म्हणूनच चोराला चोर म्हणता येते, त्याला जाब विचारता येतो. त्याचप्रमाणे युद्धातील अत्याचार हे युद्धाचे भूषण नव्हे, तो अपराध आहे, असे म्हणण्यासाठी जगाला शब्द आणि आधार हवा होता. तो ग्रोशिअसने दिला.

मायदेशाची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. १६३१ साली तो हॉलंडला परतला. पण क्षमायाचना करण्यास तो तयार नव्हता. आपण अपराध केलेला नाही, मग क्षमा कशाची मागायची, असा त्याचा बाणा होता. पुन्हा अटकेचा हुकूम सुटला, त्याला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले आणि १६३२ साली त्याला देश सोडावा लागला. १६३४ साली स्वीडनने त्याला आपल्या सेवेत घेतले आणि पॅरिसमध्ये आपला राजदूत नेमले. सुमारे दहा वर्षे त्याने ते काम केले. १६४५ साली तो स्वीडनची राणी ख्रिस्तिना हिच्या भेटीस गेला. परतताना त्याचे जहाज वादळात सापडून किनाऱ्याला लागले. वारापाऊस सोसत, खडतर प्रवास करत तो जर्मनीतील रॉस्टॉक शहरी पोचला. परंतु त्याचे शरीर पुरते खचले होते. तेथेच २८ ऑगस्ट १६४५ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. ज्या देशाने त्याला जिवंतपणी थारा दिला नाही, त्याच देशात, डेल्फ्टच्या मोठ्या चर्चमध्ये, विल्यम ऑफ ऑरेंजच्या समाधीपासून जवळच त्याला चिरविश्रांती मिळाली.

त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १६४८ साली, युरोपातील राष्ट्रांनी वाटाघाटी करून ते दीर्घ युद्ध मिटवले. १८९९ साली हेग येथे युद्धाचे नियम ठरवण्यासाठी २६ राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा ४ जुलै रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधींनी ग्रोशिअसच्या समाधीवर चांदीचे पुष्पचक्र वाहिले. १९४९ साली जिनीव्हा येथे झालेल्या करारांनी जखमी सैनिक, युद्धकैदी आणि सामान्य नागरिक यांना संरक्षण दिले. भारताने हे करार स्वीकारले आणि १९६० साली त्यांसाठी स्वतंत्र कायदाही केला. आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांतील बंधने यांविषयी आदर वाढवण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे भारताच्या संविधानाच्या ५१ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. ज्या हेग शहरात सोळा वर्षांच्या ह्यूगोने वकिलीचा झगा प्रथम अंगावर चढवला, तेथेच आज आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे आणि राष्ट्रे आपले तंटे घेऊन तेथे जातात.

हे न्यायालय अजून दुबळे आहे. त्याचा निकाल झुगारून देणारी राष्ट्रे आहेत आणि युद्धाचे नियम पायदळी तुडवणारे सेनापतीही आहेत. परंतु बळी तो कान पिळी हाच जगाचा कायदा आहे, असे आज कोणी उजळ माथ्याने म्हणू शकत नाही. नियम मोडणाऱ्यालाही आपण तो मोडला नाही, असे सिद्ध करण्याची धडपड करावी लागते. पुस्तकांच्या पेटीत दडून प्राण वाचवणाऱ्या एका निर्वासित पंडिताने हा पालट घडवून आणण्यास मोठा हातभार लावला. त्याच्यापाशी ना फौज होती, ना सत्ता, ना धन. न्यायावरील निष्ठा आणि हातातील लेखणी एवढेच त्याचे बळ होते, आणि त्या बळावर त्याने तलवारीलाही मर्यादा असते, हे जगाला शिकवले.